असूनही

राष्ट्रीय सेवा योजनेच्या निवासी शिबिराचा समारोप हा एक ठरलेला प्रकार असतो. शाळेच्या पटांगणात अंथरलेली सतरंजी, पाहुण्यांसाठी मांडलेल्या चार खुर्च्या, मध्येच खरखरणारा ध्वनिवर्धक आणि सात दिवस उन्हात राबून काळवंडलेली पन्नास मुले-मुली. काही वर्षांपूर्वी अशाच एका समारोपात गावचे सरपंच बोलायला उभे राहिले. मुलांनी ओढ्यावर बांधलेल्या वनराई बंधाऱ्याचे त्यांनी मनापासून कौतुक केले. मग दुसऱ्या रांगेत बसलेल्या एका मुलाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “ह्ये पोरगं बघा. पारधी असूनही सोन्यासारखं हाय.” टाळ्या पडल्या. व्यासपीठावर बसून मीही त्या वाजवल्या. मुलगा किंचित हसला आणि खाली बघू लागला.

मी मराठी शिकवते. शब्दांवर पोट भरणाऱ्या माणसाला एखादा शब्द खटकायला खरे म्हणजे वेळ लागू नये. मला मात्र तो खटकला रात्री, सामान आवरून परतीच्या गाडीत बसल्यावर. आणि खटकला तो ‘पारधी’ हा शब्द नव्हे. ते त्या मुलाच्या समाजाचे नाव आहे, आणि त्याला ते लपवायचे नव्हते. खटकले ते ‘असूनही’. गेली काही वर्षे हा एक शब्द माझी पाठ सोडत नाही. आज त्याच्याविषयी लिहायचे आहे.

त्या मुलाने शिबिरात काय केले ते आधी सांगितले पाहिजे. वनराई बंधारा म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती-वाळू भरून, त्या शिवून, ओढ्याच्या पात्रात एकीवर एक विटांसारख्या रचायच्या आणि वाहते पाणी अडवायचे. काम साधे आहे. पण कोणत्या ठिकाणी पात्र अरुंद आहे, तळाशी खडक कुठे आहे, पाणी कडेने कुठून फुटून जाईल, हे ज्याला कळते त्याच्यामुळेच बंधारा टिकतो. या मुलाला ते कळत होते. ओढ्याच्या काठाने अर्धा तास चालून त्याने जागा बदलायला लावली, आणि जागा सुचवणाऱ्या ग्रामसेवकांनाही ते पटले. सकाळी सर्वांच्या आधी तो उठत असे. एका मुलीच्या पायात काच गेली तेव्हा तिला खांद्यावर घेऊन दोन किलोमीटरवरच्या उपकेंद्रात त्यानेच पोचवले. गावातल्या एकट्या राहणाऱ्या एका म्हातारीच्या छपराचे गवत त्याने संध्याकाळच्या मोकळ्या वेळात, कोणी न सांगता, शाकारून दिले. सरपंचांच्या डोळ्यांत तो भरला तो उगाच नव्हे.

आता माझ्याविषयी. शिबिरात कामांचे गट पाडावे लागतात : स्वयंपाक, पाणी, सफाई, श्रमदान आणि कोठी. कोठी म्हणजे शाळेची एक कुलूपबंद खोली. तिच्यात धान्य, तेल, साखर आणि रोजच्या खर्चाच्या पैशांची पेटी. कोठीची किल्ली आणि जमाखर्चाची वही दररोज एका मुलाकडे असे. यादी मी केली होती. त्या यादीत सात दिवसांत एकदाही त्याचे नाव नव्हते. मी ते चुकून वगळले नव्हते. विचारपूर्वक वगळले होते, आणि तेही, मी स्वतःला सांगितले त्याप्रमाणे, त्याच्या भल्यासाठी. समजा, काही इकडेतिकडे झाले तर पहिला संशय त्याच्यावर जाईल. तेव्हा त्याला त्या वाटेलाच नको पाठवायला. चौथ्या दिवशी तो माझ्याकडे आला. “मॅडम, कोठीला माझा नंबर कधी?” मी म्हणाले, “अरे, तुझी बंधाऱ्यावर जास्त गरज आहे.” तो “बरं” म्हणाला आणि निघून गेला. त्या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हाही कळला होता.

सरपंचांनी ‘असूनही’ तोंडाने म्हटले. मी ते यादीत लिहिले होते. फरक असलाच तर इतकाच की त्यांच्या म्हणण्यात कौतुक तरी होते.

शाळेत शिकलेल्या व्याकरणाची थोडी उजळणी करू. ‘करून’, ‘बसून’, ‘जाऊन’ यांसारखेच ‘असून’ हे धातूला ‘ऊन’ हा प्रत्यय लागून झालेले रूप. त्याला ‘ही’ हे शुद्ध शब्दयोगी अव्यय जोडले की दोन विधानांत एक विरोध उभा राहतो. ‘पाऊस असूनही तो आला’ या वाक्यात पाऊस असला की माणसे येत नाहीत हा नियम गृहीत धरलेला असतो. तो उच्चारावा लागत नाही. ‘असूनही’चे सामर्थ्य यातच आहे. जे सिद्ध करायला हवे ते हा शब्द न बोलता सिद्ध धरून चालतो. ‘पारधी चोर असतात’ असे कोणी व्यासपीठावरून म्हणाला असता तर मी उठून हरकत घेतली असती. निदान घ्यायला हवी होती. ‘पारधी असूनही सोन्यासारखा’ या वाक्यात तेच विधान स्तुतीची शाल पांघरून आले, आणि मी टाळ्या वाजवल्या.

सत्कृत्यांनी समाजाचे पूर्वग्रह मोडतात, ही आपली एक आवडती श्रद्धा आहे. तिच्यात तथ्य नाही असे मी म्हणणार नाही. त्याकडे पुढे येते. पण त्या सात दिवसांनी मला हे दाखवले की शिक्का फार चिवट असतो, आणि चांगल्या कृत्याला पचवण्याची त्याची एक रीत आहे. तो चांगल्या कृत्याला अपवाद ठरवतो. सात दिवसांचे श्रम, खांद्यावरून नेलेली मुलगी, शाकारलेले छप्पर हे सारे त्या एका मुलाच्या खात्यावर जमा झाले. त्याच्या समाजाच्या खात्यावर एक पैसाही गेला नाही. उलट, त्याच समाजातल्या दुसऱ्या कोणी, दुसऱ्या कोणत्या तालुक्यात चोरी केली असती, तर ती लगेच सर्वांच्या खात्यावर पडली असती, या मुलाच्याही. गुण व्यक्तीचा, दोष जातीचा : शिक्क्याचा जमाखर्च असा असतो. आपल्यापैकी ज्यांच्यावर असा शिक्का नाही त्यांचा हिशेब नेमका उलटा चालतो. आमच्यातल्या कोणी अफरातफर केली तर ‘तो माणूसच तसला’ आणि कोणी नाव काढले तर ‘अखेर रक्त कुणाचे!’

हा शिक्का कोठून आला, याचा शोध भाषेच्या शिक्षकाला फार लांब जाऊन घ्यावा लागत नाही. तो शब्दकोशातच आहे. ‘भामटा’ या शब्दाचा अर्थ विद्यार्थ्यांना विचारला तर ते लुच्चा, ठक, फसवणारा असे सांगतील. महाराष्ट्र शासनाच्या विमुक्त जातींच्या चौदा नावांच्या यादीत ‘भामटा’ हे एका समाजाचे नाव आहे. ‘बेरड’ म्हणजे निगरगट्ट, कोडगा, असे आपण सहज म्हणतो. बेरड हेही त्याच यादीतले नाव. त्याच यादीत रामोशी आहेत. एके काळी गावाची आणि गडाची राखण ज्यांच्याकडे होती, पुरंदरासारख्या किल्ल्याच्या रखवालीचे ज्यांचे हक्क होते, ज्यांच्यातल्या उमाजी नाईकांना इंग्रजांविरुद्धच्या उठावासाठी १८३२ साली फाशी झाली, त्या समाजाचे नाव पुढे चोरांच्या यादीत गेले. ज्याच्या हाती किल्ली होती त्याच्याच नातवावर कुलूप तोडल्याचा आळ, असा हा प्रवास आहे. कोठीची यादी करताना मला हे ठाऊक होते. वर्गात मी ते शिकवलेही होते.

या शिक्क्यावर कायद्याची मोहोर उठली ती १८७१ साली. ‘क्रिमिनल ट्राइब्ज अ‍ॅक्ट’ या नावाने इंग्रज सरकारने केलेल्या कायद्यामागचा तर्क असा होता की ज्याप्रमाणे या देशात सुताराचा मुलगा सुतार होतो त्याप्रमाणे गुन्हेगाराचा मुलगा गुन्हेगार होतो. म्हणजे काही जमातींत गुन्हा हाच पिढीजात धंदा असतो. आधी उत्तरेतल्या प्रांतांत लागू झालेला हा कायदा १९११च्या सुधारणेनंतर अन्यत्रही लागू करता येऊ लागला. अशा जमातीतल्या माणसाने काही केलेले असावे लागत नसे; जन्मणे पुरेसे होते. त्याची नोंद होई, गाव सोडायला परवाना लागे, आणि ठरलेल्या वेळी हजेरी द्यावी लागे. काहींना कुंपणाआड वसवले गेले. सोलापुरातला ‘सेटलमेंट’ हा भाग आजही त्या इतिहासाचे नाव वागवतो. हजेरीचा जाच काय असतो हे ज्यांना जाणून घ्यायचे असेल त्यांनी अण्णाभाऊ साठे यांची १९५९ सालची ‘फकिरा’ ही कादंबरी पुन्हा वाचावी. दिवसभर काहीही केले, कितीही चांगले वागले, तरी चावडीपुढे येऊन उभे राहायचे आणि आपण अजून गुन्हा केलेला नाही हे आपल्या देहाने सिद्ध करायचे. आजची हजेरी उद्या उपयोगी नाही. उद्या पुन्हा यायचे.

स्वातंत्र्यानंतर, ३१ ऑगस्ट १९५२ रोजी, हा कायदा देशभर संपला आणि ‘गुन्हेगार’ जमाती ‘विमुक्त’ झाल्या. अनेक वस्त्यांवर हा दिवस मुक्तिदिन म्हणून पाळला जातो. पण कायद्याने पुसलेला शिक्का ‘सराईत गुन्हेगार’ विषयक कायद्यांच्या रूपाने मागील दाराने परत आला. मुंबई राज्याचा असा कायदा १९५९चा. तुरुंगांच्या नियमपुस्तिकांत तर जुनी वर्गवारी त्यानंतरही कित्येक दशके टिकून होती. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने, सुकन्या शांता या मुंबईच्या पत्रकाराच्या याचिकेवर निर्णय देताना, तुरुंगातली जातीनुसार होणारी कामांची वाटणी घटनाबाह्य ठरवली, कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले आणि विमुक्त जमातींकडे जन्मजात गुन्हेगार म्हणून पाहणाऱ्या तरतुदींवर बोट ठेवले. म्हणजे १८७१चा तर्क नियमांच्या पुस्तकांतून खोडायला २०२४ उजाडावे लागले. माणसांच्या मनातून तो खोडायला किती वेळ लागेल, याचा अंदाज कोठीच्या यादीवरून येतो.

मराठी साहित्याने या प्रश्नाला एक निराळे उत्तर दिले आहे. लक्ष्मण माने यांनी १९८० साली आपल्या आत्मकथनाला ‘उपरा’ असे नाव दिले. लक्ष्मण गायकवाड यांनी १९८७ साली ‘उचल्या’ असे. दोन्ही पुस्तकांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, अनुक्रमे १९८१ आणि १९८८ साली. ही शीर्षके नीट पाहावीत. समाजाने मारलेला शिक्काच लेखकाने उचलून मुखपृष्ठावर लावला. ‘आम्ही चांगले आहोत’ असे प्रशस्तिपत्र या पुस्तकांनी सादर केले नाही. भूक काय करायला लावते, पोलीस काय करतात, आणि आपल्या माणसांतही काय काय चालते, हे त्यांनी मोकळेपणाने लिहिले. म्हणजे त्यांनी हजेरी द्यायचेच नाकारले. आमच्या सेवाभावी मनाला हे पुरते समजलेले नाही असे मला वाटते. आम्हाला अजूनही ‘सोन्यासारखे पोरगे’ हवे असते.

आता दुसरी बाजू. कोणी म्हणेल, आणि योग्यच म्हणेल, की मग माणसाने करायचे काय? चांगल्या कामाने काहीच साधत नसेल तर ते सोडून द्यायचे? नाही. सत्कृत्याने शिक्के खरोखर हललेले आहेत, आणि त्याचे उदाहरण आपल्या महाराष्ट्रातच आहे. ज्या रोगाच्या नावातच ‘महा’ होता, ज्याच्या नुसत्या उच्चाराने घरची माणसे दार लावून घेत, त्या रोग्यांबरोबर बाबा आमटे यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभे करायला घेतले. तिथले वेगळेपण शुश्रूषेत नव्हते. कुष्ठसेवा त्याआधीही अनेकांनी केली होती. वेगळेपण होते ते देवाणघेवाणीची दिशा उलटवण्यात. बोटे झडलेल्या हातांनी विहिरी खणल्या, शेती केली, इमारती बांधल्या. आणि १९६४ साली आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले, ते पंचक्रोशीतल्या निरोगी मुलांसाठी. ज्यांच्या हातचे पाणी कोणी पीत नव्हते त्यांनी उभ्या केलेल्या भिंतींच्या आत गावोगावची मुले पदवीसाठी येऊन बसू लागली. पुढे सोमनाथला श्रमसंस्कार छावण्या सुरू झाल्या. तिथे शहरांतले तरुण कुदळ धरायला शिकले. आमच्या महाविद्यालयांतल्या शिबिरांच्या कल्पनेवर त्या छावण्यांचे केवढे ऋण आहे ते सांगायला नको.

पण तिथे शिक्का का हलला, हे नीट पाहिले पाहिजे. एकतर, ते एका ‘सोन्यासारख्या’ माणसाचे काम नव्हते. शेकडो साध्या माणसांचे ते वर्षानुवर्षांचे काम होते. त्यांत आळशी असतील, तापट असतील, भांडखोरही असतील. अपवाद म्हणून बाजूला काढता यावे असे त्यात कोणी नव्हते. दुसरे, घेणारा तिथे खरोखर घेणाऱ्याच्या जागी आला. महाविद्यालयात शिकणाऱ्याला ‘ते रोगी असूनही त्यांनी बांधले’ असे दररोज म्हणता येत नाही. काही दिवसांनी ते नुसते महाविद्यालय होते. शिक्का मोडतो तो विस्मयाने नव्हे, सवयीने. आणि तिसरे, समाज तिथे स्वतः चालत गेला. तरुण सोमनाथला गेले, शेजारी राबले, एका पंगतीत जेवले. सगळा प्रवास शिक्का असलेल्यानेच करायचा, अशी अट तिथे नव्हती.

विमुक्तांच्या बाबतीत ही अट आपण अजून घालतो. चांगले वागून दाखवा, मग विश्वास ठेवू. मला वाटते, हीच आजची हजेरी. चावडी गेली आहे. तिच्या जागी सभ्य समाजाचा उंबरठा आला आहे. तिथे रोज येऊन आपले चांगुलपण दाखवायचे, आणि आजचे चांगुलपण उद्या चालत नाही. एखाद्या तरुणाने कष्टाने, प्रामाणिकपणाने, सेवेने नाव मिळवावे यात वावगे काही नाही. पण ज्या क्षणी हे चांगुलपण निर्दोषत्वाचा जामीन म्हणून मागितले जाते त्या क्षणी ते सत्कृत्य उरत नाही, ती वेठ होते. इतर मुलांना शिबिरात कंटाळण्याची मुभा होती. त्यांतले दोघे दुपारी बंधाऱ्यावरून पळून ओढ्यात डुंबत होते. मी त्यांना रागावले आणि विसरले. त्या एका मुलाला सात दिवसांत एकदाही कंटाळता आले नाही. तो इतका राबला त्यात त्याचा स्वभाव किती आणि ही हजेरी किती, हे मला आज सांगता येत नाही. सामान्य असण्याचा, कधी आळस करण्याचा, कधी चुकण्याचा जो अधिकार बाकीच्या एकोणपन्नास जणांना न मागता मिळाला होता, तो त्याला नव्हता.

मग स्वयंसेवेचे काय? २४ सप्टेंबर १९६९ रोजी, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, राष्ट्रीय सेवा योजना सुरू झाली तेव्हा ती ३७ विद्यापीठांतल्या सुमारे ४०,००० विद्यार्थ्यांपुरती होती. आज आमच्यासारख्या तालुक्याच्या महाविद्यालयातही तिचा गट असतो. वर्षाला १२० तास, दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे शिबिर, असा तिचा हिशेब. या योजनेविषयी कुत्सितपणे बोलणे सोपे आहे : झाडू हातात घेऊन काढलेली छायाचित्रे, भरती केलेले अहवाल, गुणांसाठी आलेली मुले. हे सारे आहेच. पण मला तिची उणीव वेगळीच वाटते. आमच्या अहवालात माणसांचे दोन रकाने असतात, स्वयंसेवक आणि लाभार्थी. आम्ही पारध्यांच्या पालांवर कपडे वाटायला जातो तेव्हा ते लाभार्थी. त्यांच्यातला एखादा मुलगा आमच्या रकान्यात आला की आम्ही भांबावतो, आणि त्याचे कौतुक करून त्याला पुन्हा वेगळा काढतो.

ज्यांनी हे रकाने पुसले त्यांच्याकडे पाहावे. अमरावती जिल्ह्यातल्या मंगरूळ चव्हाळा येथे मतीन भोसले या फासेपारधी तरुणाने शिक्षकाची नोकरी सोडून, भीक मागणाऱ्या आपल्या समाजातल्या मुलांसाठी आश्रमशाळा काढली आणि तिला नाव दिले ‘प्रश्नचिन्ह’. त्या नावात समाजाला घातलेला सवाल आहे, अर्ज नाही. अहमदाबादच्या छारानगरातही असेच घडले. छारा हाही एकेकाळी ‘गुन्हेगार’ ठरवलेला समाज. पश्चिम बंगालमधल्या बुधन सबर या तरुणाचा १९९८ साली पोलीस कोठडीत मृत्यू झाल्यावर त्या वस्तीतल्या तरुणांनी त्याच्यावर नाटक बसवले, आणि त्यातून ‘बुधन थिएटर’ उभे राहिले. वस्तीतल्या वाचनालयाभोवती जमलेली ही मुले स्वतःच्या वेळातून नाटके करत आली आहेत. हीही स्वयंसेवाच. पण ती पाहणाऱ्याकडून शाबासकीची अपेक्षा ठेवत नाही. पाहणाऱ्याला विचारात पाडते.

तेव्हा शिक्का पुसण्याचे रोजचे, बारीक काम कोणी करायचे, या प्रश्नाचे माझे उत्तर साधे आहे. ज्याच्यावर शिक्का आहे त्याने चांगले काम करावे, करू नये, तो त्याचा प्रश्न. जसा तो तुमचा-माझा आहे. शिक्का पुसण्याची जबाबदारी तो ज्याच्या हातात आहे त्याची. मराठीच्या शिक्षकाने ‘भामटा’ शब्द फळ्यावर लिहून त्याची गोष्ट सांगावी. वार्ताहराने चोरीच्या बातमीत आरोपीची जात लिहिण्याआधी, दुसऱ्या कुणाची लिहिली असती का, असे स्वतःला विचारावे. घर भाड्याने देणाऱ्याने आडनाव ऐकून थबकण्याआधी एकदा थांबावे. आणि शिबिराच्या बाईंनी किल्ली द्यावी. हीसुद्धा सत्कृत्येच आहेत. त्यांची छायाचित्रे निघत नाहीत, ती कोणत्या अहवालात बसत नाहीत, आणि ती करताना आपण थोर आहोत असे वाटत नाही. बहुधा थोडी लाजच वाटते. माझा अनुभव तरी तसा आहे.

पुढच्या वर्षीच्या शिबिरात मी कामांची यादी केली नाही. एका डब्यात चिठ्ठ्या टाकल्या आणि मुलांनाच काढायला सांगितल्या. तो मुलगा आता दुसऱ्या वर्षाला होता. पहिल्या दिवशी त्याला सफाई आली, मग पाणी, मग स्वयंपाक. सहाव्या दिवशी कोठी आली. चिठ्ठी उघडल्यावर त्याने माझ्याकडे पाहिले. मी किल्ली पुढे केली. दोघेही काही बोललो नाही.

त्या रात्री हिशेब जुळवताना सतरा रुपये कमी भरले. यात नवल नव्हते. पहिल्या दिवशी एका मुलाच्या वहीत चाळीस रुपये कमी होते; तो डोके खाजवत हसला होता, “मॅडम, कोथिंबीर-बिथिंबीर काहीतरी असेल,” म्हणाला होता आणि झोपायला गेला होता. हा मात्र कंदील पुढ्यात घेऊन बसला. साडेअकरा झाले, बारा वाजून गेले. दुकानदाराच्या चिठ्ठ्या त्याने तीनदा पालथ्या घातल्या. मी पाणी प्यायला उठले तेव्हा तो स्वतःच्या खिशातून दहाची एक नोट आणि नाणी काढून पेटीत ठेवत होता.

“काय करतोयस?” मी विचारले.

“जुळवतोय, मॅडम.”

“हिशेब असा जुळवत नाहीत. ते पैसे परत घे.”

“मॅडम, बाकीच्यांचं चालतं.” तो एवढेच म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. सूर्य पूर्वेला उगवतो हे सांगावे तसे त्याने ते सांगितले.

मी त्याच्याकडून वही घेतली. पहिल्या दिवसाच्या पानावर मी जे लिहिले होते तेच त्याच्या पानावर, त्याच शब्दांत लिहिले : ‘रु. १७ कमी. हिशेब लागत नाही.’ खाली सही केली, तारीख घातली आणि वही मिटली. तो बराच वेळ त्या मिटलेल्या वहीकडे पाहत बसला. मग त्याने पेटीतले आपले सतरा रुपये मोजून परत खिशात टाकले, कुलूप लावले, किल्ली उशाखाली ठेवली आणि झोपला.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्या दोन वर्षांत प्रथमच, त्याला हाका मारून उठवावे लागले.